इस्त्रीतली पट्टी आणि समुद्रावरचे घड्याळ

इस्त्री पुरेशी तापली की आतून बारीक ‘टक्’ आवाज येतो आणि तिचा दिवा विझतो. थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज, पुन्हा दिवा. हे काम करणारा भाग अगदी साधा असतो. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून घट्ट जोडलेल्या असतात. तापल्यावर त्यांतली एक जास्त प्रसरण पावते, दुसरी कमी. दोघी एकमेकींना चिकटलेल्या असल्याने सुटायला जागा नसते, म्हणून जोडपट्टी वाकते आणि विजेचा संपर्क तोडते. थंड झाली की सरळ होते आणि संपर्क जोडते. अमेरिकेत मोटारीमागे जोडून नेतात त्या ट्रॅव्हल ट्रेलर नावाच्या फिरत्या घरातही भिंतीवर एक छोटी डबी असते. तिची दांडी सरकवली की हीटर लागतो आणि ऊब पुरेशी झाली की बंद होतो. जुन्या ट्रेलरमधल्या त्या डबीचे झाकण काढले तर आत गुंडाळी केलेली हीच द्विधातू पट्टी दिसते.

ही पट्टी खोली उबदार ठेवण्यासाठी शोधलेली नव्हती. ती बनवली एका सुताराच्या मुलाने, समुद्रावर चुकीची वेळ दाखवणारे घड्याळ सुधारण्यासाठी. त्याचे नाव जॉन हॅरिसन.

हॅरिसन यांचा जन्म 1693 मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील फाउल्बी या खेड्यात झाला. वडील एका मोठ्या जहागिरीवर सुतारकाम करत. पुढे हे कुटुंब लिंकनशरमधील बॅरो या गावी गेले आणि हॅरिसन यांची पुढची चार दशके तिथेच गेली. लहानपणी देवी आल्या तेव्हा अंथरुणात मन रमावे म्हणून त्यांना एक घड्याळ दिले होते, त्याची टिकटिक ऐकत ते पडून राहत, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, शोभते खरी. नक्की माहीत आहे ते असे, की गावात आलेल्या एका धर्मोपदेशकाने त्यांना भौतिकशास्त्रावरील व्याख्यानांचे हस्तलिखित वाचायला दिले आणि या मुलाने ते आकृत्यांसह पूर्ण उतरवून काढले. चर्चच्या गायनवृंदाशी आणि घंटांचे सूर लावण्याशीही त्यांचा संबंध होता. कान तयार होता, हात सुताराचा होता.

त्यांनी 1713 मध्ये, विशीत, पहिले उभे घड्याळ बनवले. ते जवळजवळ संपूर्ण लाकडी होते. पुढे 1722 च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्क या जहागिरीसाठी त्यांनी मनोऱ्यावरचे घड्याळ केले. त्या काळी घड्याळाला तेल लागे आणि ते तेल थंडीत घट्ट होऊन घड्याळ अडे. हॅरिसन यांनी घासणाऱ्या जागी लिग्नम व्हिटे हे अंगचेच तेल असलेले कठीण लाकूड वापरले आणि बाहेरच्या तेलाची गरजच काढून टाकली. ते घड्याळ अजून चालते.

तेलाचा प्रश्न सुटला तरी उन्हाळा-हिवाळा उरलाच. एक सेकंदाचा झोका घेणारा लंबक सुमारे एक मीटर लांब असतो. तो पोलादाचा असेल आणि तापमान 10 अंशांनी वाढले तर त्याची लांबी जेमतेम 0.12 मिलिमीटरने वाढते. कागदाच्या जाडीएवढी ही वाढ, पण तिच्यामुळे घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे पडते. पितळी लंबक तर आठ सेकंद मागे पडतो. बहुतेकांनी हे नशीब म्हणून सोडून दिले असते. हॅरिसन यांनी भाऊ जेम्स याच्यासह पितळेच्या आणि पोलादाच्या सळया जाळीसारख्या आळीपाळीने बसवल्या. पोलाद लंबकाला खाली ढकलते, तर पितळ त्याला तेवढेच वर उचलते. दोन धातूंचे भांडण लावून त्यातून स्थैर्य काढायचे, ही कल्पना त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

आता समुद्राकडे वळू. जहाज उत्तर-दक्षिण कुठे आहे, म्हणजे अक्षांश, हे सूर्याच्या उंचीवरून कळे. पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश, कळत नसे. वास्तविक हिशेब सोपा आहे. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. जहाजावरची दुपार आणि त्याच क्षणी मायदेशी असलेली वेळ, यांतला फरक कळला की रेखांश मिळाला. पण मायदेशाची वेळ बरोबर नेणारे घड्याळ कुठे होते? डोलणाऱ्या जहाजावर लंबक निरुपयोगी आणि स्प्रिंगची घड्याळे उष्ण कटिबंधात शिरली की ताल सोडत. विषुववृत्तावर चार मिनिटांची चूक म्हणजे सुमारे 111 किलोमीटरची चूक.

या चुकीची किंमत माणसे मोजत होती. 1707 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश आरमाराची चार जहाजे आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकून सिली बेटांजवळच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक खलाशी बुडाले. दुसरी किंमत अधिक संथ होती आणि तिची आठवण आरोग्याच्या पानावर करायलाच हवी. ताजी फळे-भाजी नसलेल्या लांब प्रवासात ‘क’ जीवनसत्त्व संपते, हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि माणूस स्कर्व्हीने जातो. 1741 मध्ये कमोडोर अँसन यांचे ‘सेंचुरियन’ जहाज केप हॉर्नला वळसा घालून हुआन फर्नांडेझ बेट शोधत होते. अक्षांश सापडला, पण बेट पूर्वेला की पश्चिमेला हे कळेना. एकदा इकडे, एकदा तिकडे करत जे दिवस वाया गेले, त्यांत सत्तर-ऐंशी माणसे दगावली. बेटावर पोचल्यावर हिरवा पाला मिळाला आणि उरलेले सावरले. जेम्स लिंड यांनी संत्री-लिंबांचा सुप्रसिद्ध प्रयोग केला तो त्यानंतर, 1747 मध्ये. म्हणजे त्या खलाशांना दोन गोष्टींनी वाचवले असते, एक लिंबू आणि एक घड्याळ.

ब्रिटिश संसदेने 1714 मध्येच रेखांशासाठी बक्षीस जाहीर केले होते. वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात अर्ध्या अंशाच्या आत अचूकता दाखवणाऱ्याला 20,000 पौंड मिळणार होते. सहा आठवड्यांच्या प्रवासाचा हिशेब केला तर घड्याळ दिवसाला तीन सेकंदांहून जास्त चुकता कामा नये. जमिनीवरची चांगली घड्याळेही तेव्हा मुश्किलीने हे करत. न्यूटनसारख्या माणसालाही घड्याळाच्या मार्गावर फारसा विश्वास नव्हता.

हॅरिसन 1730 च्या सुमारास लंडनला गेले आणि राजखगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांना भेटले. हॅलींनी त्यांना जॉर्ज ग्रॅहम या नामांकित घड्याळजीकडे धाडले. ग्रॅहम यांनी या अनोळखी गावकऱ्याचे ऐकून घेतले आणि बिनव्याजी पैसेही दिले. लंडनच्या धंद्यात हे मोठेपण दुर्मीळच. पाच वर्षांत पहिले सागरी घड्याळ तयार झाले. त्याला आज ‘एच-1’ म्हणतात. वजन सुमारे 34 किलो. 1736 मध्ये ते लिस्बनला नेऊन आणले. परतीच्या वाटेवर दिसलेला किनारा कोणता याबद्दल हॅरिसन यांचे म्हणणे खरे ठरले आणि जहाजाच्या अधिकाऱ्यांचे खोटे. लिस्बनला ते ज्या जहाजावरून गेले ते ‘सेंचुरियन’च होते. पाच वर्षांनी अँसन त्याच जहाजावर चाचपडत होते, तेव्हा घड्याळ लंडनमध्ये होते.

बक्षीस तेव्हाच मागितले असते तर वेस्ट इंडीजची चाचणी मिळाली असती. पण हॅरिसन स्वतःच रेखांश मंडळासमोर उभे राहून आपल्या घड्याळातले दोष सांगत बसले आणि दुसरे बनवायला पैसे मागितले. दुसरे झाले. त्यातही जहाज वळताना येणारा दोष त्यांना दिसला. मग तिसरे हाती घेतले आणि त्यात आयुष्याची 19 वर्षे गेली. 1740 ते 1759. भाग 753. एवढे करून ‘एच-3’ त्यांच्या मनासारखे चालले नाही.

अपयशी ठरलेल्या या यंत्रातच ती पट्टी आहे. सागरी घड्याळात लंबक नसतो, तोलचक्र आणि त्याची स्प्रिंग असते. उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते आणि घड्याळ मंदावते. सळयांची जाळी इथे फार जागा खाते. म्हणून हॅरिसन यांनी पितळेची आणि पोलादाची पातळ पट्टी रिव्हेट ठोकून एकजीव केली. तिचे एक टोक पक्के, दुसरे मोकळे. तापमान बदलले की मोकळे टोक सरकते आणि स्प्रिंगची उपयोगी लांबी तेवढ्यापुरती कमी-जास्त करते. कोणाला सांगावे लागत नाही, कोणी पाहावे लागत नाही. याच यंत्रात त्यांनी पिंजऱ्यात बसवलेल्या रोलर बेअरिंगचाही शोध लावला. घड्याळ म्हणून फसलेल्या या वस्तूचे दोन तुकडे आज जगातल्या बहुतेक यंत्रांत फिरत आहेत, हे पाहता 19 वर्षे वाया गेली असे म्हणवत नाही.

पुढची हकीकत अनेकांना ठाऊक असते. मोठी यंत्रे सोडून हॅरिसन खिशातल्या घड्याळाच्या वाटेला वळले आणि 13 सेंटिमीटर व्यासाचे ‘एच-4’ तयार झाले. द्विधातू पट्टी त्यातही होती. 1761 च्या नोव्हेंबरात त्यांचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. 81 दिवसांनंतर, ठरलेला दैनंदिन फरक वजा जाता, चूक भरली अवघी पाच सेकंद. मंडळ म्हणाले, योगायोग असू शकतो. 1764 मध्ये बार्बाडोसची दुसरी चाचणी झाली. तीही घड्याळाने अटीत राहून पार केली.

तरी पैसे मिळेनात. या कथेत नेव्हिल मॅस्कलिन यांना खलनायक करण्याची प्रथा आहे. ते चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते आणि 1765 मध्ये राजखगोलशास्त्रज्ञ झाल्याने घड्याळाची परीक्षा त्यांच्याच हाती आली. हे न्यायाचे नव्हते. पण मंडळाचा एक प्रश्न रास्त होता. एका माणसाने आयुष्य घालून एक घड्याळ केले, तर शेकडो जहाजांना ते कोण पुरवणार? इतरांना ते बनवता येते का? लार्कम केंडॉल यांनी हुबेहूब नक्कल करून ते सिद्ध केले, पण तिला 450 पौंड लागले. हीच नक्कल घेऊन कॅप्टन कुक 1772 ते 1775 च्या सफरीवर गेले आणि तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू लागले.

हॅरिसन यांनी 1765 मध्ये घड्याळ उलगडून दाखवल्यावर निम्मे बक्षीस मिळाले. उरलेल्यासाठी मूळ घड्याळ सरकारकडे देऊन आणखी दोन बनवा, अशी अट पडली. वय सत्तरीपुढचे, नजर आधू होत चाललेली. 1770 मध्ये त्यांनी एक पूर्ण केले. अखेर प्रकरण राजा तिसऱ्या जॉर्जपर्यंत गेले. राजाने 1772 मध्ये आपल्या खासगी वेधशाळेत दहा आठवडे स्वतः लक्ष घालून ते तपासले. दिवसाला सेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी चूक. 1773 मध्ये संसदेने 8,750 पौंड मंजूर केले, पण ती खास मदत होती. मूळ बक्षीस कोणालाही कधीच दिले गेले नाही. हॅरिसन तेव्हा 80 वर्षांचे होते. 24 मार्च 1776 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, ते लंडनमध्ये वारले. त्यांची गंजलेली यंत्रे विसाव्या शतकात रूपर्ट गूल्ड या नौदल अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खपून दुरुस्त केली. ग्रिनिचच्या वेधशाळेत ती आज पाहता येतात.

पट्टी मात्र केव्हाच घड्याळाबाहेर पडली होती. 1830 मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी तिचा उपयोग कारखान्यांतील उष्णता राखण्यासाठी केला. थर्मोस्टॅट हा शब्दही त्यांचाच. 1883 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिनमधले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. तिथून तो घराघरांत आणि चाकांवरच्या घरांतही गेला.

ट्रेलरमध्ये त्याची मर्यादा उघडी पडते. भिंती पातळ, जागा लहान, त्यामुळे हवा झटकन तापते आणि झटकन निवते. पट्टी मात्र आपल्या गतीने वाकते. परिणामी रात्री आधी गारठा, मग उकाडा. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरातले तापमान निदान 18 अंश असावे असे सांगते आणि वृद्ध, आजारी व तान्ह्या मुलांसाठी त्याहून अधिक लागू शकते. म्हणून अनेक ट्रेलरमालक जुनी डबी काढून डिजिटल थर्मोस्टॅट बसवतात. त्यात पट्टीऐवजी थर्मिस्टर असतो. तापमानाबरोबर त्याचा विद्युतरोध बदलतो आणि अंशभराचा फरकही टिपला जातो. बदलताना पाहायचे ते हे, की ट्रेलरचा हीटर बॅटरीच्या 12 व्होल्टवर चालतो, तर अमेरिकी घरांतले थर्मोस्टॅट बहुधा 24 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहासाठी असतात. ते इथे चालतीलच असे नाही. काम करण्याआधी बॅटरी सोडवावी, गॅसही बंद करावा. काही जुन्या थर्मोस्टॅटमध्ये पाऱ्याची काचनळी असते. ती फोडू नये, कचऱ्यातही टाकू नये.

आणखी एक गोष्ट. हा हीटर प्रोपेन गॅस जाळतो आणि त्याचा धूर बाहेर जाण्याची वाट तुंबली वा फुटली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते आणि झोपलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. थर्मोस्टॅट जुना असो वा नवा, त्याला हा वायू ओळखता येत नाही. त्यासाठी वेगळा गजर लागतो, तो झोपण्याच्या जागेजवळ असावा लागतो आणि त्यावर छापलेली मुदत संपली की बदलावा लागतो.