धैर्याचा नित्यपाठ : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

थोरांची चरित्रे वाचताना आपणांस नेहमी असे वाटते की, धैर्य ही त्यांना जन्मतःच लाभलेली देणगी होय. कचेरीची पायरी चढताना अथवा चारचौघांत बोलावयास उभे राहताना ज्यांचा ऊर धडधडतो, अशा आपल्यासारख्यांचा तिच्याशी काय संबंध? या समजुतीचा निरास करण्यास आपल्याच जिल्ह्यातील एका कन्येचे चरित्र पुरेसे आहे. २०२४ साली जिल्ह्यास जिचे नाव देण्यात आले, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे चरित्र आम्ही आज याच दृष्टीने ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

जामखेड तालुक्यातील सीना नदीकाठच्या चौंडी गावी, माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी, ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. १७३३ साली मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मल्हाररावांसारखा सासरा लाभला हे त्यांचे भाग्य खरे. त्यांनी सुनेवर एकदम मोठा भार टाकला नाही. आधी हिशेब, मग पत्रव्यवहार, पुढे वसुली व फौजेची रसद, अशी एकेक पायरी तिला चढविली. शिक्षकाच्या नात्याने आम्हांस हे विशेष महत्त्वाचे वाटते. भीती एका दिवसात जात नाही. रोजच्या लहान कामांनी ती झिजते.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. परंतु वृद्ध सासऱ्याच्या विनवणीने त्या मागे फिरल्या. त्या काळी सती जाणारीची लोक पूजा करीत. मागे राहणारीच्या वाट्याला मात्र लोकांची बोलणी येत. ती रोज ऐकून रोज कामास लागणे, यास लागणारे धैर्य आम्हांस अधिक मोठे वाटते. पुढे १७६५ साली मल्हाररावांनी त्यांस पत्राने चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीस जाण्यास व तोफखान्याची आणि दारूगोळ्याची तजवीज करण्यास कळविले. चौंडीच्या मुलीची तयारी एवढी झाली होती!

१७६६ साली मल्हारराव गेले. पाठोपाठ १७६७ मध्ये एकुलता पुत्र मालेराव गेला. दत्तक घेऊन कारभारातून अंग काढावे, असा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा आग्रह होता. तो बाईंनी मानला नाही, तेव्हा राघोबादादा फौजेनिशी माळव्यात उतरले. बाईंनी इतर सरदारांस मदतीची पत्रे धाडली, लढाईची सिद्धता केली, आणि दादांस कळविले की, आपण हरलो तरी त्यात नवल नाही, परंतु बाईमाणसाकडून दादांची हार झाली तर जगात त्यांचे हसे होईल. दादांनी आपण समाचारास आलो, असे सांगून वेळ मारून नेली. रक्त न सांडता प्रसंग टळला. थोरल्या माधवरावांनीही बाईंचा अधिकार मान्य केला.

त्यानंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षे त्यांनी महेश्वराहून राज्य चालविले. पडदा न पाळता त्या दरबारात बसत व रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. पहाटेची पूजा, पुराणश्रवण, दुपारपासून कारभार, रात्री पुन्हा कागदपत्रे, असा त्यांचा नेम होता. काशीविश्वेश्वराचे मंदिर याच काळात पुन्हा उभे राहिले.

म्हणून त्यांचे काळीज दगडाचे होते असे कोणी समजू नये. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने परोपरीने विनविले, परंतु लेक मागे फिरली नाही. चिता पेटली तेव्हा बाईंचा धीर सुटला; त्यांस धरून ठेवावे लागले. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही की शब्द उच्चारला नाही. नंतर त्या पुन्हा कामास लागल्या, त्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत. धैर्यवान माणूस मोडत नाही असे नव्हे. मोडूनही तो उठतो.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या वर्गातील एक बुद्धिमान मुलगी सातवीनंतर शाळेतून काढली गेली. तिच्या वडिलांस चार शब्द सांगावे म्हणून आम्ही त्यांच्या दारापर्यंत गेलो, आणि लोक काय म्हणतील या भयाने कडी न वाजविताच परतलो. आमच्यावर तलवार कोणीच उगारली नव्हती! निवृत्त होऊन वर्षे लोटली, तरी ते बंद दार डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस नम्र विनंती आहे. ग्रामसभेत एक प्रश्न विचारावा. अर्ज स्वतःच्या हाताने लिहून कचेरीत स्वतः द्यावा. घरातील लेकीसुनेच्या हाती हिशेबाची वही द्यावी व चूक झाली तरी ती काढून घेऊ नये. आणि कोणाच्या दारापर्यंत सत्कार्यासाठी गेलात, तर कडी वाजविल्याखेरीज परतू नये. पुण्यश्लोक बाईंस हेच खरे अभिवादन होय.