जेरुसलेमची बालसेविका : हेन्रिएटा झोल्ड

पॅलेस्टाईनच्या भूमीत ज्यू आणि अरब यांच्यातील वैर शंभर वर्षांहून अधिक काळ धुमसत आहे. या वैराचा इतिहास सांगताना राजकारणी आणि सेनानी यांची नावे घेतली जातात. त्याच भूमीतील लेकरांच्या दुखऱ्या डोळ्यांत औषध घालण्याची आणि तान्ह्या बाळांना स्वच्छ दूध पोहोचविण्याची व्यवस्था उभारणाऱ्या, आणि दोन्ही समाजांनी एकत्र नांदावे म्हणून ऐंशी वर्षे उलटल्यावर स्वजनांचा रोष पत्करणाऱ्या हेन्रिएटा झोल्ड यांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. ज्यू समाजाशी महाराष्ट्राचा परिचय जुना आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातील 'शनवार तेली', म्हणजेच बेने इस्रायल, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. हेन्रिएटाबाईंची जडणघडण मात्र दूर अमेरिकेत झाली.

२१ डिसेंबर १८६० रोजी बाल्टिमोर नगरात त्यांचा जन्म झाला. वडील बेंजामिन झोल्ड हे हंगेरीहून आलेले ज्यू धर्मगुरू. त्यांना आठ मुली झाल्या, पुत्र नव्हता. हेन्रिएटा ही ज्येष्ठ कन्या. ज्या धर्मविद्येचे शिक्षण त्या काळी मुलग्यांनाच मिळे, ते वडिलांनी तिला दिले. हिब्रू आणि जर्मन या भाषा तिने घरातच आत्मसात केल्या. १८७७ साली ती शालान्त परीक्षेत पहिली आली. मुलींना महाविद्यालयाची दारे त्या नगरात जवळजवळ बंदच होती. म्हणून ती शिक्षिका झाली आणि पुढे सुमारे पंधरा वर्षे शिकवीत राहिली.

१८८१ नंतर रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होऊ लागले आणि निर्वासितांचे तांडे अमेरिकेच्या बंदरांत उतरू लागले. हे लोक दिवसा शिवणकामाच्या कारखान्यांत राबत, भाषेविना मुके होत, आणि आधी येऊन स्थिरावलेले त्यांचेच धर्मबांधव त्यांच्याकडे नाक मुरडून पाहत. हेन्रिएटाबाईंनी १८८९ साली त्यांच्यासाठी बाल्टिमोर येथे रात्रशाळा काढली. इंग्रजी भाषा, अमेरिकेचा इतिहास आणि उपयोगी पडणारी काही कौशल्ये तेथे शिकविली जात. या शाळेचा लाभ हजारो स्त्रीपुरुषांनी घेतला आणि अमेरिकेतील अशा अनेक शाळांना ती नमुना ठरली. रात्रशाळेची महती आपणांस वेगळी सांगावयास नको. दिवसा गिरणीत राबून रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरविणाऱ्यांच्याच वंशातील आपण आहोत.

१८९३ पासून तेवीस वर्षे त्यांनी एका ज्यू ग्रंथप्रकाशन संस्थेचे काम वाहिले. पदनाम चिटणिसाचे, प्रत्यक्षात संपादन, भाषांतर, मुद्रितशोधन असा सारा भार त्यांच्यावर. वडील १९०२ साली निवर्तले. त्यानंतर त्या आईसह न्यूयॉर्कला आल्या. तेथील धर्मविद्यापीठात त्यांना प्रवेश मिळाला, परंतु धर्मगुरूचे पद कधी मागणार नाही, या अटीवर. त्याच काळात तेथील एका विद्वानाचे ग्रंथ भाषांतरित करता करता त्यांचे मन त्याच्यावर जडले. तो तेरा वर्षांनी लहान होता आणि त्याने दुसरीशी विवाह केला. हेन्रिएटाबाई त्या आघाताने खचल्या. मन सावरावे म्हणून १९०९ साली त्या आईला घेऊन प्रवासास निघाल्या आणि पॅलेस्टाईनला पोहोचल्या. तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. आयुष्याचे खरे कार्य अजून सुरू व्हावयाचे होते.

पॅलेस्टाईनवर तेव्हा तुर्कांची सत्ता होती. जाफा बंदरात मायलेकींनी जे पाहिले ते विसरता येण्यासारखे नव्हते. मुलांच्या डोळ्यांभोवती माश्यांचे थवे घोंगावत होते आणि मुले हाताने त्या हाकलतही नव्हती. खुपऱ्यांचा रोग तेथे घराघरांत होता आणि त्याने कित्येक मुले अंध होत. मात्र ज्या एका कन्याशाळेत डॉक्टर नियमित येत आणि परिचारिका रोज डोळे तपासून औषध घाली, तेथील मुलींचे डोळे स्वच्छ होते. अंधत्व आणि दृष्टी यांत अंतर किती, तर रोज येणाऱ्या एका परिचारिकेचे! हेन्रिएटाबाईंच्या न्यूयॉर्कच्या स्त्री-मंडळात तेव्हा केवळ अभ्यास आणि चर्चा चालत. तुमच्या मंडळाने हे काम का करू नये, असे म्हाताऱ्या आईनेच लेकीला सुचविले.

२४ फेब्रुवारी १९१२ रोजी न्यूयॉर्क येथे काही मोजक्या स्त्रियांनी 'हदासा' या संघटनेची स्थापना केली. हेन्रिएटाबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. वर्षभरातच दोन प्रशिक्षित परिचारिका जेरुसलेमला रवाना झाल्या. त्यांचे काम दोन प्रकारचे होते : बाळंतिणींची शुश्रूषा आणि शाळकरी मुलांच्या खुपऱ्यांवर उपचार. पहिल्या महायुद्धात हे काम थांबले. परंतु १९१८ साली हदासाच्या पुढाकाराने डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य असे चव्वेचाळीस जणांचे वैद्यकीय पथक औषधे आणि उपकरणे घेऊन पॅलेस्टाईनला गेले. १९२० साली हेन्रिएटाबाई स्वतः दोन वर्षांच्या बोलीने तेथे गेल्या. साठीला टेकलेल्या त्या स्त्रीचा उरलेला जन्म तेथेच गेला.

परिचारिकांचे विद्यालय, शाळांतील आरोग्यतपासणी, विद्यार्थ्यांना दुपारचे भोजन अशी एकेक व्यवस्था त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. 'टिपात हालाव्ह', म्हणजे 'दुधाचा थेंब', हे तिथल्या माता-बाल केंद्रांचे नाव. केंद्रात बाळाचे वजन घेतले जाई, आईला संगोपनाच्या गोष्टी समजावून दिल्या जात, आणि निर्जंतुक केलेले दूध बर्फात ठेवून गाढवांच्या पाठीवरून जेरुसलेमच्या बोळाबोळांत पोहोचविले जाई. या सेवेचा पैसा अमेरिकेतील ज्यू स्त्रियांनी जमविलेला होता. तरी हदासाच्या दवाखान्यांची दारे अरब रुग्णांनाही उघडी राहिली. १९२९ साली जेरुसलेममध्ये नेथन स्ट्राउस या दानशूर व्यापाऱ्याच्या देणगीतून जे आरोग्यकेंद्र उघडले, ते सर्व धर्मांच्या आणि वंशांच्या रहिवाशांसाठी असेल, असे प्रारंभीच ठरले होते. मुलांच्या क्रीडांगणांबाबतही हेच धोरण होते. तान्हे मूल मांडीवर घेऊन बसलेली बाई कोणत्या देवाची प्रार्थना करते, हे वजनकाट्याला कळत नाही. हेन्रिएटाबाईंनी ते दाराशी बसणाऱ्या माणसालाही विचारू दिले नाही.

त्याच १९२९ सालच्या ऑगस्टमध्ये जेरुसलेम, हेब्रॉन आदी ठिकाणी दंगली उसळल्या आणि दोन्ही बाजूंची शेकडो माणसे मेली. १९३६ पासून तीन वर्षे अरबांचा उठाव चालला. या काळात सूडाने सूड शमत नाही, ही हेन्रिएटाबाईंची भूमिका कायम राहिली. अरब शेजाऱ्याशी आपण कसे वागतो, हीच आपल्या चळवळीची कसोटी होय, असे त्या स्वजनांना वारंवार बजावीत.

इतक्यात जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. बर्लिनच्या रेखा फ्रायर या स्त्रीने ज्यू किशोरांना पॅलेस्टाईनला पाठविण्याची योजना मांडली. हेन्रिएटाबाईंनी प्रथम तिला नकार दिला. त्यांच्याजवळ निधी नव्हता. शिवाय आईबापांपासून तोडलेल्या मुलांची जबाबदारी किती मोठी, हे त्या जाणून होत्या. पण १९३३ च्या अखेरीस त्र्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनीच हे कार्य शिरावर घेतले. मूळ कल्पना जिची, त्या रेखाबाईंना पुढे या कार्यात योग्य स्थान मिळाले नाही आणि दोघींचे संबंध कटूच राहिले, हेही येथे नमूद केले पाहिजे. थोरांच्या चरित्रातील असे कोपरे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१९ फेब्रुवारी १९३४ रोजी पहिली तुकडी हायफा बंदरात उतरली. हेन्रिएटाबाई तिला घ्यायला स्वतः गेल्या होत्या. त्यानंतरही शक्य तितक्या वेळा बोटीच्या धक्क्यावर त्यांची ठेंगणी, पांढऱ्या केसांची आकृती उभी दिसे. ही मुले सामुदायिक शेतवस्त्यांत आणि निवासी शाळांत गटागटाने राहत. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस शेती किंवा कारागिरी. प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक आणि मायेने पाहणारी एक बाई असे. आपल्या संस्थेतील वसतिगृहाच्या अधीक्षकांना यातले मर्म लगेच उमगेल : रात्री दिवे मालवल्यावर घरच्या आठवणीने उशी ओली करणारे मूल सकाळच्या हजेरीपटावर दिसत नाही. हेन्रिएटाबाई मुलांच्या नोंदी स्वतः वाचीत, वस्त्यांवर जाऊन त्यांची विचारपूस करीत, मागे राहिलेल्या आईबापांना पत्रे पाठवीत. काही वर्षांनी त्या पत्रांची उत्तरे येणे बंद झाले. महायुद्ध सुरू होण्यापूर्वी सुमारे ५,००० मुले या मार्गाने वाचली. त्यांतील बहुतेकांचे आईबाप वाचले नाहीत.

पोलंडमधून रशियामार्गे तेहरानला पोहोचलेल्या ज्यू अनाथ मुलांची कथा तर आपल्या उंबरठ्याजवळून गेलेली आहे. इराकने वाट नाकारल्यामुळे ही मुले १९४३ च्या प्रारंभी बोटीने तेव्हाच्या हिंदुस्थानातील कराचीला आणली गेली आणि तेथून दुसऱ्या बोटीने सुएझला नेली गेली. १८ फेब्रुवारी रोजी त्यांची आगगाडी अथलीटला पोहोचली तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या हेन्रिएटाबाई तेथे हजर होत्या. या मुलांना धर्मनिष्ठ शाळांत घालावे की इतर शाळांत, यावर समाजात कडाक्याचा वाद पेटला. त्याचा निवाडा त्यांनाच करावा लागला आणि दोन्ही पक्षांची बोलणीही त्यांनाच खावी लागली.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून हे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. युरोपात मृत्यू ज्यांची वाट पाहत होता, त्या मुलांना आश्रय देणे हे निखळ करुणेचे काम होते. परंतु प्रत्येक बोटीसोबत वाढणारी ज्यूंची संख्या पाहून, आपली भूमी आपल्या हातून जाणार, ही अरब रहिवाशांची भीतीही वाढत होती, आणि ती निराधार नव्हती. एकाच्या लेकराला निवारा देताना दुसऱ्याचे लेकरू बेघर होऊ नये, यासाठी काय करावे? हेन्रिएटाबाईंना हा प्रश्न छळत असे. मे १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत ज्यूंच्या स्वतंत्र राज्याची मागणी करण्यात आली; हदासानेही तिला पाठिंबा दिला. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख यहुदा माग्नेस, तत्त्वज्ञ मार्टिन बूबर आणि हेन्रिएटाबाई यांनी 'इहुद', म्हणजे 'ऐक्य', ही संघटना स्थापिली. पॅलेस्टाईन हे ज्यू आणि अरब या दोघांचे समान हक्कांचे एकच राज्य व्हावे, ही तिची मागणी. संघटना अगदी लहान होती. तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. ज्या हदासाला त्यांनी जन्म दिला होता, तिच्यातील अनेक भगिनीही नाराज झाल्या.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला कलह आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. युद्धाच्या ठरावाला विरोध करणारा सिद्धार्थ शाक्यसंघात कसा अल्पमतात पडला, हे बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात विस्ताराने सांगितले आहे. सिद्धार्थाने परिव्रज्या स्वीकारली. हेन्रिएटाबाई राहिल्या त्याच नगरात, त्याच कचेरीत, मतभेद असलेल्या त्याच माणसांमध्ये. मुलांचे काम एक दिवसही थांबविता येण्यासारखे नव्हते.

१३ फेब्रुवारी १९४५ रोजी स्कोपस टेकडीवरील हदासाच्या रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. ज्यूंमध्ये मृत मातापित्यांसाठी 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणण्याचे कर्तव्य परंपरेने पुत्राकडे असते. १९१६ साली आई वारली तेव्हा एका स्नेह्याने पुत्राच्या जागी ती म्हणण्याची तयारी दर्शविली होती. हेन्रिएटाबाईंनी त्याचे आभार मानून नकार दिला आणि आठ मुलींच्या त्या घरातील ज्येष्ठ कन्येने ती प्रार्थना स्वतः म्हटली. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हते. ऑलिव्ह टेकडीवरील त्यांच्या दफनाच्या वेळी कद्दिश म्हटली ती त्यांनी वाचविलेल्या मुलांपैकी एका किशोराने.

त्यांना हवी होती ती शांती आली नाही. १९४६ साली इहुदच्या मंडळींशी सहकार्याचा करार करणारे फौजी दरवीश अल् हुसेनी या अरब नेत्याची काही दिवसांतच हत्या झाली. ९ एप्रिल १९४८ रोजी देर यासीन या अरब खेड्यात ज्यू सशस्त्र गटांनी शंभराहून अधिक रहिवाशांना ठार केले. चारच दिवसांनी, १३ एप्रिल रोजी, स्कोपस टेकडीवरील रुग्णालयाकडे निघालेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या वाहनांवर अरबांनी हल्ला केला आणि ७८ माणसे मारली गेली. त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब निर्वासित झाले. टेकडीवरील रुग्णालय बंद पडले.

१९७५ साली ते पुन्हा उघडले. पूर्व जेरुसलेममधील अरब वस्त्या त्याच्या अगदी जवळ आहेत. तेथील माता प्रसूतीसाठी आणि मुलांच्या उपचारांसाठी तेथे येतात, आणि ज्यू व अरब डॉक्टर, परिचारिका एकाच पाळीत काम करतात. हेन्रिएटाबाईंची पुण्यतिथी हिब्रू पंचांगाप्रमाणे शेवात महिन्याच्या तिसाव्या दिवशी येते. इस्रायलमध्ये तो दिवस अनेक वर्षे मातृदिन म्हणून पाळला जात असे. आता त्यास कुटुंबदिन म्हणतात.