थॉमस ग्रॅहम आणि विसरणाची गोष्ट

विसरण आणि परासरण शिकवताना आपण बेदाणे पाण्यात टाकतो, अत्तराची बाटली उघडतो, व्याख्या लिहून देतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ज्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य या विषयात घालवलं ते थॉमस ग्रॅहम मुलांना भेटतात ते पुढे रसायनशास्त्रात, तेही एका सूत्रापुरते. ते जरा आधी भेटायला हवेत असं मला वाटतं.

ग्रॅहम यांचा जन्म १८०५ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातला. वडिलांचा कापडाचा चांगला व्यवसाय. मुलाने चर्चमध्ये धर्मगुरू व्हावं ही त्यांची इच्छा. चौदाव्या वर्षी मुलगा ग्लासगो विद्यापीठात गेला आणि थॉमस थॉमसन यांच्या तासांना बसून रसायनशास्त्राच्या नादाला लागला. वडील ऐकेनात, मुलगाही ऐकेना. शेवटी घरून पैसे येणं बंद झालं. तो एडिंबरोला गेला, शिकवण्या घेतल्या, लेख लिहिले. आई आणि बहीण मात्र त्याच्या बाजूने होत्या. लिखाणाच्या पहिल्या कमाईतून त्याने त्या दोघींसाठीच भेटी घेतल्या. (दहावीनंतर शाखा कोणती, यावरून आपल्याकडे घरोघरी जे होतं ते तिकडेही होत होतं!)

१८३० मध्ये ते ग्लासगोच्या अँडरसन संस्थेत प्राध्यापक झाले. त्याआधी डोबेरायनर या जर्मन शास्त्रज्ञाला एक गंमत दिसली होती. तडा गेलेल्या बरणीत हायड्रोजन भरून ती पाण्यावर उपडी ठेवली, तर आतलं पाणी आपोआप वर चढायचं. असं का? ग्रॅहम यांनी तड्याऐवजी नळीच्या तोंडाशी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा बूच बसवला आणि मोजमाप सुरू केलं. हायड्रोजन बाहेर जातो भराभर, हवा आत येते हळू. म्हणून आत जागा होते आणि पाणी चढतं. ऑक्सिजन हायड्रोजनच्या १६ पट जड, तर हायड्रोजन पसरतो त्याच्या ४ पट वेगाने. म्हणजे वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. हा नियम १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापकी, १८४१ मध्ये केमिकल सोसायटीचं पहिलं अध्यक्षपद, १८५५ पासून सरकारी टांकसाळीचे प्रमुख. मोठी पदं आली, पण प्रश्न तोच राहिला : काय, कशातून, किती वेगाने पसरतं? फक्त वायूंच्या जागी आता द्रावणं आली.

१८६१ चा त्यांचा प्रयोग तर वर्गात सांगावाच असा. साखर आणि डिंक एकत्र विरघळवून ते द्रावण खळ दिलेल्या कागदावर ओतलं आणि तो कागद पाण्यावर ठेवला. २४ तासांत सुमारे तीन चतुर्थांश साखर खालच्या पाण्यात उतरली, डिंक वरच राहिला. डिंकासारख्या पदार्थांना त्यांनी कलिल म्हटलं आणि या वेगळं करण्याच्या रीतीला डायलिसिस. पार्चमेंट कागद वापरून त्यांनी लघवीतला युरियासुद्धा असा वेगळा काढून दाखवला.

इथे मुलांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून एक सांगतो. डायलिसिसमध्ये आपलं लक्ष पडद्यातून जाणाऱ्या विरघळलेल्या पदार्थाकडे असतं, परासरणात जाणाऱ्या पाण्याकडे. बेदाणा फुगतो तो पाणी आत शिरल्यामुळे. आपल्या पेशीत दोन्ही चालतं : ऑक्सिजन विसरणाने आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि पाणी परासरणाने ये-जा करतं. पेशीचं पटल मात्र कागदापेक्षा फार चोखंदळ. परासरणाचा हिशेब ग्रॅहम यांना नीट जमला नाही. पडद्याचीच रासायनिक झीज पाणी ओढते असं त्यांना वाटे. तो हिशेब पुढे व्हान्ट हॉफ यांनी बसवला.

१८६९ मध्ये ग्रॅहम गेले, तेव्हा डायलिसिस ही प्रयोगशाळेतली एक रीत होती, इतकंच. १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळली, ते पिंप मिठाच्या पाण्यात फिरवलं आणि नळीतून रुग्णाचं रक्त सोडलं. युरिया पाण्यात उतरला, रक्तपेशी आणि प्रथिनं आत राहिली. सुरुवातीचे रुग्ण जवळजवळ सगळे दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि वाचली.