न्यूयॉर्क, लंडन आणि पंचवटी : बाबासाहेबांचे शिक्षण कसे घडले?

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते. त्यांच्यासाठी मंदिराचे दार बंद होते. जगातल्या दोन नामवंत विद्यापीठांची दारे मात्र आधीच उघडली होती. त्या दोन्हींची शिकवण्याची रीत अगदी वेगळी होती.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेत विषय निवडण्याची मोठी मोकळीक होती. मुख्य विषय अर्थशास्त्र असूनही त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्राचेही वर्ग केले. प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यात फारसे अंतर नव्हते. जॉन ड्युई आणि एडविन सेलिगमन या गुरूंना बाबासाहेब पुढे आपल्या जवळच्या मित्रांतच गणत. बरोबरीची वागणूक कशी असते, हे त्यांनी प्रथम इथेच अनुभवले. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभार नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला.

१९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. इथे अनेक विषयांत फिरण्याऐवजी एकाच प्रश्नाच्या मुळाशी जायचे होते. ग्रंथालयातली कागदपत्रे आणि आकडे हाच खरा वर्ग होता. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. रुपयावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तो नव्याने सादर करून १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली.

दोन्ही रीतींची खूण त्यांच्या दोन पुस्तकांत दिसते. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या पुस्तकाला सेलिगमन यांची कौतुकाची प्रस्तावना आहे. रुपयावरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लंडनचे गुरू एडविन कॅनन यांनी शिष्याच्या मताशी मतभेद उघड नोंदवले, पण त्याच्या मांडणीतला ताजेपणाही मान्य केला.

न्यूयॉर्कमधून समतेचा अनुभव आणि लंडनमधून पुराव्यानिशी वाद घालण्याची शिस्त घेऊन आलेला हा माणूस पंचवटीत उभा राहिला. सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली. तरीही लढा १९३५पर्यंत चालला. दार उघडले नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. २१ वर्षांनी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.