डबक चाळ ते राजगृह

मित्रांनो, आपल्या सिव्हिलवाल्यांना बिल्डिंग प्लॅनिंगचा पेपर असतो. खोली केवढी, खिडकी केवढी, वारा कुठून येणार, सगळं शीटवर काढता येतं. पण त्या खोलीत जो माणूस राहणार त्याच्या मनाला काय वाटेल, ते कुठल्या स्केलनं काढायचं? होस्टेलवर एका रूममध्ये तिघं-चौघं राहिलं की हा प्रश्न आपोआप पडतो. त्याचं उत्तर शोधायला एका मोठ्या माणसाची घरं पाहूया. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, महाडचं चवदार तळं आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. त्यांचे कायदे, आंदोलनं, राज्यघटना आपण शाळेपासून शिकलो. ते राहिले कुठे आणि कसे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथल्या लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील सुभेदार रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला, मग साताऱ्याला गेलं. साताऱ्यात आई भीमाबाई गेल्या. पुढे शिक्षणासाठी मुंबई गाठली आणि परळच्या डबक चाळीत एक खोली घेतली.

एकच खोली! तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासिका. डोक्यावर फळीवर सरपण रचलेलं, भांडीकुंडी, चुलीचा धूर. आता एवढ्या जागेत मुलानं वाचायचं कधी? सुभेदारांनी यावर जो तोडगा काढला तो कुठल्याही आर्किटेक्टला सुचणार नाही. जागा वाढवता येत नव्हती म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतली. मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं, मग त्याला उठवून त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं. उशाशी जातं, पायाशी शेळी, काच नसलेल्या चिमणीचा मिणमिणता उजेड, अशा जागी पहाटेपर्यंत भिवाचा अभ्यास चाले. बाप जागा राहतो म्हणून मुलाला चार तास निवांत कोपरा मिळतो! ती खोली कोंदट होती, पण त्या पोराला तिथं नकोसं कोणी म्हणत नव्हतं.

शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथंच शिक्षक आणि लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची नजर त्यांच्यावर गेली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. घरात जागा नसलेल्या मुलाला सार्वजनिक बागेतला एक बाक केवढा आधार देतो पाहा. आजही नगररचना शिकताना बाग म्हणजे नुसती हिरवी पट्टी समजू नये.

बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आणि मग लंडनला शिक्षण झालं. करारानुसार १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले. आणि इथं दुसरा धडा मिळतो. परदेशी पदव्या घेतलेल्या या माणसाला शहरात कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं. वरच्या मजल्यावर लहानशी खोली, आणि बाहेर भलंमोठं दालन. पण दालनात मोडक्या खुर्च्या, बाकं, फळ्या, सगळा अडगळीचा ढीग. वीज नाही, रात्री कंदील, वर वटवाघळं. बोलायला चिटपाखरू नाही. डबक चाळीच्या कितीतरी पट जागा, पण तिथं त्यांना अंधारकोठडीत कोंडल्यासारखं वाटे. वर आपण कोण हे कधी उघड होईल ही धास्ती. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. रात्रीच्या गाडीची वाट पाहत तो विद्वान माणूस कामाठी बागेत कित्येक तास बसून होता. जागा मोठी आहे की लहान, यापेक्षा तिथून कोणी हुसकावणार तर नाही ना, यावर मनाची शांती जास्त अवलंबून असते.

मुंबईत परतल्यावर घर पुन्हा परळलाच, पोयबावाडीतली बीआयटी चाळ. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी १८९८ मध्ये जो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याच्या या चाळी. दोन खोल्या, मोठं कुटुंब आणि सतत माणसांची ये-जा. बाबासाहेब इथं वर्षानुवर्षं राहिले. प्राध्यापक झाले, बॅरिस्टर झाले, तरी चाळ सुटली नाही. याच काळात रमाबाईंनी आणि त्यांनी चार मुलं गमावली. यशवंत तेवढे वाचले.

घर म्हणजे नुसती खोली नव्हे, हे महाडनं दाखवलं. आपल्या वरंधसारख्या घाटाखालच्या गावात ओटी, पडवी, माजघर, परस असं घर कितीही नीट बांधलं, तरी पाणी कुठून आणायचं यावर घरच्या बाईचा दिवस ठरतो. चवदार तळ्यावर इतर सगळे पाणी भरत, जनावरंसुद्धा पीत, अस्पृश्यांना मनाई. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं करण्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरणही झालं. खटला दहा वर्षं चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की अपमान, अशा वस्तीत भिंतींना कितीही रंग दिला तरी मन कसं रमणार?

होस्टेलच्या दोस्तांसाठी एक खास गोष्ट. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक होतं सोलापूरचं विद्यार्थी वसतिगृह. ते जानेवारी १९२५ मध्ये सुरू झालं. डबक चाळीत वाढलेल्या माणसाला ठाऊक होतं, की फी भरली म्हणून अभ्यास होत नाही, पोराला दिवा आणि जागा लागते.

मग आलं स्वतःचं घर. दादरच्या हिंदू कॉलनीत कर्ज काढून बांधलेलं राजगृह. १९३१ ला काम सुरू झालं, १९३३ ला संपलं. नाव मगधच्या प्राचीन राजधानीचं. खाली कुटुंब, वर ग्रंथालय आणि अभ्यास. घराची आखणीच पुस्तकांसाठी. कोपऱ्यासाठी रात्री दोनला उठणाऱ्या मुलाला चाळिशीत अख्खा मजला मिळाला! चारमिनार नावाची दुसरी इमारतही त्यांनी बांधली होती, ती १९४१ मध्ये विकली. कर्ज आणि पुस्तकं, दोन्हींसाठी पैसा हवा होता.

पण या घराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चाळीत उपासतापास करून संसार ओढणाऱ्या रमाबाई २७ मे १९३५ रोजी याच राजगृहात गेल्या. नव्या घराचं सुख त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळालं, तेही आजारपणात. पुस्तकांचं घर उभं राहिलं, पण ज्या बाईच्या कष्टांवर ते उभं राहिलं तिच्यासाठी उशीर झाला होता.

पुढे मंत्रिपद, दिल्लीचे सरकारी बंगले. १९५१ मध्ये राजीनामा दिल्यावर ते २६, अलीपूर रोड इथं राहिले. बुद्धावरचा शेवटचा ग्रंथ इथं हातावेगळा केला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं.

तर मित्रांनो, उद्या आपल्यातले किती तरी जण घरं बांधतील. प्लॅन काढताना हॉल-किचन-बेडरूम झालं की थांबू नका. या घरात वाचणाऱ्यानं कुठे बसायचं, राबणाऱ्या बाईनं घटकाभर कुठे टेकायचं, भाड्यानं राहणाऱ्याला जात विचारली जाणार का, हेही एकदा स्वतःला विचारा. आणि तोपर्यंत, आपल्या रूममध्ये कोणाचा उद्या पेपर असेल तर आज रात्री गाणी बंद ठेवा. सुभेदार रामजी तर मुलासाठी रोज दोनपर्यंत जागत होते.