सु. मं. कत्रे : भाषेचा अभ्यास शिकवणारा माणूस

सुमित्र मंगेश कत्रे हे नाव आपल्याकडे निघते ते बहुतेक वेळा कोकणी-मराठी वादात. कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे असे त्यांनी मांडले, एवढे एक वाक्य एका बाजूने पुढे केले जाते, दुसऱ्या बाजूने ते खोडले जाते, आणि कत्रे तिथेच संपतात. आम्हाला हे अन्यायाचे वाटते. कारण त्यांनी आयुष्याची तीसएक वर्षे ज्या कामात घातली ते काम वेगळेच होते. भाषेवर बोलण्याआधी भाषेची सामग्री कशी गोळा करायची, कशी तपासायची, हे तरुण अभ्यासकांना शिकवण्याची सोय या देशात त्यांनी उभी केली.

कत्रे यांचा जन्म १९०६ चा, होन्नावरचा. म्हणजे घरात कोकणी, बाहेर कानडी. अशा गावात वाढलेल्या मुलाला भाषा एकमेकींत कशा मिसळतात हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना ते वेगळे सांगायला नको. पुढे ते लंडनला गेले आणि १९३१ मध्ये तिथली डॉक्टरेट घेऊन परतले. कोकणीच्या घडणीवरचे त्यांचे पुस्तक १९४२ मध्ये आले. गोव्यातल्या आणि कानडी मुलखातल्या, हिंदूंच्या आणि ख्रिस्ती लोकांच्या निरनिराळ्या कोकणी बोली शेजारी शेजारी ठेवून, प्राचीन आर्यभाषेपासून एकेक ध्वनी आणि एकेक प्रत्यय कसा बदलत आला याचा तो हिशेब आहे. त्याचा निष्कर्ष कुणाला पटो न पटो, हिशेब मात्र कुणालाही तपासून पाहता येतो.

पुण्याचे डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केले होते. माजी विद्यार्थी त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. त्या पहिल्या तुकडीत पुरातत्त्वाला ह. धी. सांकलिया होते, समाजशास्त्राला इरावती कर्वे होत्या, आणि भारत-युरोपीय भाषाशास्त्राला कत्रे. १९४२ पासून १९७१ पर्यंत ते संस्थेचे संचालक होते. एवढा काळ एका खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल नाना मते असणारच. पण खुर्चीत बसून त्यांनी काय केले ते पाहू.

१९४१ मध्येच त्यांनी हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेवर एक लहानसे इंग्रजी पुस्तक लिहिले होते. भांडारकर संस्थेत सुकथनकरांच्या देखरेखीखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती चालली होती, तिथली पद्धत नव्या माणसाला समजावी असे ते पुस्तक. एकाच ग्रंथाच्या पोथ्यांमधला फरक कसा टिपायचा, नक्कल करणाऱ्याच्या कोणत्या चुका नेहमीच्या, कोणता पाठ जुना मानायचा, हे सगळे त्यात आहे. हे शिकायचे तर तोवर एखाद्या गुरूच्या पायाशी बरीच वर्षे बसावे लागे. ते कुणालाही उघडून वाचता येईल असे लिहून ठेवणे, हा कत्र्यांचा स्वभाव.

१९४८ मध्ये त्यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू केले. एखाद्या शब्दाचा अर्थ पंडिताला काय वाटतो हे इथे महत्त्वाचे नाही. तो शब्द पहिल्यांदा कुठे आला, मग कुठे, कोणत्या अर्थाने, हे दाखवायचे. त्यासाठी ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले. वाचकाने ग्रंथ ओळीने वाचायचा, शब्द निवडायचा, आणि एका चिठ्ठीवर तो शब्द, त्याचा संदर्भ, ग्रंथाचे नाव, स्थळाचा आकडा उतरवायचा. एका शब्दाला एक चिठ्ठी. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या आणि त्या कपाटांतून वर्णानुक्रमाने लावल्या गेल्या. आज संगणकावर भाषेचा साठा शोधणारी मुले जे काही सेकंदांत करतात तेच हे काम, फक्त हाताने. आणि हाताने केल्यामुळे एक गोष्ट व्हायची: चिठ्ठी लिहिणाऱ्याला संदर्भ वाचावाच लागायचा. कोशाच्या कामावर अनेक तरुण संस्कृतज्ञ घडले ते या कंटाळवाण्या शिस्तीतून.

आमचे मत असे की कोशाचा आवाका कत्र्यांनी फार मोठा धरला. पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडले. तेव्हा ते निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती आणि संपादनाची धुरा अ. मा. घाटगे यांच्याकडे गेली होती. आजही कोश अ या अक्षरातच आहे. चिठ्ठ्या मात्र जागच्या जागी आहेत.

संग्रहाच्या जोडीला प्रयोगही होता. डेक्कन कॉलेजात चि. र. शंकरन यांची ध्वनिप्रयोगशाळा होती. अशा प्रयोगशाळांत त्या काळी जे यंत्र वापरत त्यात बोलणाऱ्याच्या तोंडाशी एक नळी असे आणि काजळी धरलेल्या कागदाचा पिंप फिरत असे. श्वासाच्या कंपनाने सुई हलून त्यावर रेघ उमटे. प आणि फ यांतला फरक कानाने कळतोच, पण ओठ उघडल्यानंतर हवा किती वेळ वाहते हे रेघेवर मोजता येते. शास्त्री-पंडितांच्या पुण्यात हे थोडे चमत्कारिकच दिसले असेल!

पण कत्र्यांचे सर्वांत दूरवर पोचलेले काम म्हणजे भाषाशास्त्राच्या शाळा. पन्नाशीच्या दशकात कलकत्ता सोडले तर या विषयाचे धड शिक्षण देणारी विद्यापीठे जवळजवळ नव्हतीच. महाविद्यालयांत मराठी, तेलुगू, हिंदी शिकवणारे तरुण अध्यापक साहित्य शिकून आलेले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने कत्र्यांनी १९५४ पासून सुट्टीतले वर्ग सुरू केले, आधी पुण्यात, मग देहरादूनसारख्या ठिकाणी. गॉर्डन फेअरबँक्स, जॉन गंपर्झ यांसारखे अमेरिकी अभ्यासक त्या सुमारास इथे आले. अशा वर्गांत क्षेत्रकार्य शिकवण्याची रीत साधी असे: विद्यार्थ्यांना मुळीच न येणारी भाषा बोलणारा माणूस समोर बसवायचा, त्याला पाणी, डोळा, मी जातो, तू गेलास असे विचारत जायचे, जसे ऐकू येईल तसे लिहायचे, आणि त्यातून व्याकरण काढायचे. आपल्याला वाटते तसे नव्हे, तो बोलतो तसे.

या शिक्षणातही उणीव होती. अमेरिकी पद्धतीच्या नादात ध्वनी आणि रूपे यांना फार मान मिळाला, अर्थाकडे थोडी पाठ फिरली. पण यातून पिढी उभी राहिली हे खरे. कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर १९५८ मध्ये डॉक्टरेट मिळवलेले अशोक केळकर पुढे डेक्कन कॉलेजातच शिकवायला आले. गंपर्झ यांनी नंतर सांगलीजवळच्या कुपवाडच्या बोलण्याचा अभ्यास केला. तिथे शेजारी शेजारी बोलल्या जाणाऱ्या मराठी, कानडी आणि उर्दूची वाक्यरचना कशी एका साच्यात आली हे त्यात दिसते. बेळगावच्या घरांत त्याचे नवल वाटणार नाही.

आणि तो वाद? कत्र्यांनी कोकणी वेगळी मानली. घाटग्यांनी साठीच्या दशकात काणकोण आणि दक्षिण कानड्यातल्या कोकणीची, तसेच कुडाळीची पुस्तके सिद्ध केली ती मराठी बोलींची पाहणी या नावाने. मराठीत घोडा, गोव्यात घोडो, आणि कुडाळकडेही घोडोच. रेघ कुठे ओढायची यावर हे दोघे एकमत झाले नाहीत. पण दोघांनीही आधी माणसे बोलतात ते टिपले होते, म्हणून आज त्यांची पुस्तके समोरासमोर ठेवून वाचता येतात. आपल्या सभांत या विषयावर जो आवाज चढतो त्यात असे टिपलेले सहसा काही नसते.

निवृत्तीनंतर कत्रे अमेरिकेत राहिले. पाणिनीच्या शब्दांचा तीन खंडांचा कोश त्यांनी आधीच केला होता. अष्टाध्यायीचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९८७ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, टेक्सास विद्यापीठाने छापले. १९९८ मध्ये ते गेले.