लीप वर्षाचा हिशेब आणि उमर खय्याम

रुबायांमुळे जगाला ठाऊक असलेले उमर खय्याम मुळात गणिती होते. त्यांचा जन्म १०४८ साली इराणातील निशापूर येथे झाला. त्या काळी इराणी सौर वर्ष ३६५ दिवसांचेच धरीत. उरलेला पाव दिवस साचत जाई व नवरोजचा सण ऋतूपासून सरके. १०७४ च्या सुमारास सुलतान मलिकशहाने त्यांना व इतर खगोलज्ञांना इस्फहानला बोलाविले. वेध घेऊन त्यांनी रचलेली, लीप वर्षे असलेली जलाली कालगणना १०७९ मध्ये सुरू झाली. युरोपातील ग्रेगोरियन सुधारणा १५८२ ची! १०९२ मध्ये सुलतान वारला आणि वेधशाळेचा आश्रय तुटला. ११३१ मध्ये खय्यामही गेले. परंतु १९२५ साली इराणने स्वीकारलेली सौर कालगणना त्याच परंपरेतील आहे. विद्यार्थी मित्रांनो, आश्रय सुटतो, विद्या टिकते.